कपाटात नसलेला कागद कोणी आणायचा?

वाचकहो, वाचनालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? परीक्षेच्या आधी महिनाभर भरलेली बाके, कोपऱ्यात वर्तमानपत्र उघडून बसलेले दोन निवृत्त गृहस्थ आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. सुतार, शिवणकाम करणारी बाई, लोणची घालून बाजारात विकणारी भगिनी, असे कोणी तेथे दिसत नाही. त्यांचे तेथे काय काम, असेच आपण धरून चालतो. आम्हीही इतकी वर्षे तसेच धरून चाललो होतो. कॉव्हेंट्रीला जाऊन आल्यापासून मात्र आमचे मत बदलले आहे.

कॉव्हेंट्री हे इंग्लंडच्या मध्यभागातले शहर. आमची एक मावशी १९७० च्या दशकात मॉरिशसहून परिचारिका होण्यासाठी इंग्लंडला गेली आणि पुढे तेथेच स्थायिक झाली. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, तेथल्या एका लहानशा कारखान्यात कामाला होते. लहान म्हणजे किती? मालक धरून नऊ माणसे. मोटारींच्या मोठ्या कारखान्यांना लागणारी हत्यारे आणि सुटे भाग ते करून देत. काका आता थकले आहेत, पण कामाच्या गोष्टी निघाल्या की त्यांचा आवाज चढतो. आम्ही शिक्षक, म्हणून त्यांनी मुद्दाम वाचनालयाची एक गोष्ट सांगितली.

एकदा एका भागाला पाणी देताना, म्हणजे पोलाद तापवून विझवताना, त्याला तडे जाऊ लागले. माल दोनदा परत आला. मालकाने पोलाद बदलून पाहिले, भट्टीची आंच कमी करून पाहिली, भट्टीवरच्या माणसावर रागावूनही पाहिले. तिसऱ्यांदा माल परत आला तर ते गिऱ्हाईक जाणार होते. तेव्हा मालकाने एका कागदावर चार ओळी लिहिल्या आणि जेवणाच्या सुट्टीत काकांना शहराच्या वाचनालयात पाठवले. काका म्हणाले, "मला वाटलं, साहेबाचं डोकं फिरलं. कारखान्याचं दुखणं घेऊन पुस्तकवाल्याकडे कोणी जातं का?"

पण ग्रंथपाल बाईंनी चिठ्ठी वाचली आणि उलट प्रश्न विचारले. पोलाद कोणत्या जातीचे? विझवता पाण्यात की तेलात? तडा कोठून सुरू होतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर काकांना ठाऊक होते. तडा नेहमी आतल्या कोपऱ्यातून निघत असे. बाईंनी जाडजूड सूचीची पाने उलटली, एका तांत्रिक मासिकातल्या लेखाचे नाव काढले, आणि म्हणाल्या की हे मासिक आमच्याकडे नाही, पण मागवून देता येईल. त्यांनी एक फॉर्म भरला. आठ-नऊ दिवसांनी घरी कार्ड आले. सहा पानांची फोटोकॉपी होती. लेखातून निघाले ते इतकेच, की आतला कोपरा अगदी काटकोनी ठेवू नका, थोडा गोल करा, कारण विझवताना सगळा ताण त्या टोकावर येतो. दोष पोलादात नव्हता आणि भट्टीवरच्या माणसातही नव्हता. तो नकाशातच होता! "आणि खर्च किती आला सांगू?" काका हसत म्हणाले, "दोन ग्लास बियरपेक्षा कमी!"

गोष्ट एवढीच आहे. पण तिच्यातले एक वाक्य आमच्या मनातून जात नाही: "हे आमच्याकडे नाही, पण मागवून देता येईल." आपल्या बेटावर आम्ही कितीतरी वाचनालयांत गेलो, तेथे या वाक्याचा पहिला अर्धा भाग बरेचदा ऐकला. दुसरा अर्धा क्वचित.

हा दुसरा अर्धा भाग कॉव्हेंट्रीला कसा साधला, हे समजून घेण्यासारखे आहे. शहराचा इतिहासच असा, की ठाऊक नसलेली गोष्ट वेळेवर कळणे म्हणजे काय, हे त्याने चटका बसून शिकले आहे. एकोणिसाव्या शतकात कॉव्हेंट्री रेशमी फितींसाठी प्रसिद्ध होते. घरोघरी माग होते. १८६० मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात व्यापारी करार झाला, फ्रेंच फिती विनाजकात येऊ लागल्या आणि विणकरांचे घरच बसले. कित्येक कुटुंबे देश सोडून गेली. आपल्या पणजोबांनी कोकण आणि घाट सोडून येथला ऊस गाठला, तोही याच काळाच्या आसपास, म्हणून हे वाचताना आम्हांला ती माणसे परकी वाटली नाहीत.

मग १८६८ मध्ये एक नवलाची गोष्ट घडली. कॉव्हेंट्रीच्या शिवणयंत्राच्या कंपनीचा पॅरिसमधला प्रतिनिधी रौली टर्नर हा तिकडचे एक दुचाकी यंत्र घेऊन कॉव्हेंट्रीत उतरला आणि म्हणाला, असली यंत्रे करा, फ्रान्समध्ये खपतील. कंपनीचा कारागीर जेम्स स्टार्ली याने ते काम मनावर घेतले. त्याचाच पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये 'रोव्हर' सायकल काढली, दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली. आज आपण जी सायकल चालवतो तिचा घाट तोच. सायकलीमागून मोटारसायकली आल्या, मोटारी आल्या, आणि त्या करण्याच्या यंत्रांचे कारखाने आले.

म्हणजे पाहा, बुडालेल्या शहराला परदेशातून आलेल्या एका नमुन्याने वर काढले. पण टर्नर आला हे नशीब होते. तो आला नसता तर? प्रत्येक लहान कारागिराच्या दारात पॅरिसहून कोणी नमुना घेऊन येत नाही. ज्याला तो आणून देणारे कोणी नाही, त्याच्यासाठी काहीतरी कायमची सोय असावी लागते. कॉव्हेंट्रीत ही सोय पुढे वाचनालयाने केली.

तेही सुखासुखी झाले नाही. जॉन गुल्सन नावाच्या दानशूर गृहस्थाच्या कृपेने १८७३ मध्ये शहराचे वाचनालय उघडले होते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर जो भयंकर मारा केला त्यात जुने कॅथीड्रल जळाले हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच रात्री वाचनालयाचा मोठा ग्रंथसाठाही जळाला, हे फारसे कोणी सांगत नाही. ज्या वाचनालयाची कपाटेच जळाली, त्याला दुसऱ्याच्या कपाटाची किंमत लवकर कळत असावी, असे आम्हांला वाटते. (हा आमचा तर्क. काकांनी तो ऐकून मान हलवली, पण हो म्हणाले की नाही ते कळले नाही.)

युद्धानंतर शहराचे वाचनालय, तंत्रशिक्षणाच्या संस्था आणि आसपासचे कारखाने मिळून एक संघ झाला. त्याचे नाव 'कॉव्हेंट्री अँड डिस्ट्रिक्ट इन्फर्मेशन ग्रुप', आद्याक्षरांवरून 'कॅडिग'. शेफील्ड या पोलादाच्या शहराने तर असा संघ युद्धाच्याही आधी उभा केला होता. कल्पना अगदी घरगुती आहे. मोठ्या कारखान्याकडे स्वतःचे वाचनालय असते, त्यात महागडी मासिके येतात, आणि बरीचशी वर्षभर तशीच पडून राहतात. नऊ माणसांच्या कारखान्याला त्यातले एकही मासिक परवडत नाही, पण वर्षातून एकदा त्यातल्या एखाद्या लेखावाचून त्याचे अडते. तेव्हा ज्याच्याकडे आहे त्याने द्यावे, ज्याला हवे त्याने मागावे, आणि कोणाकडे काय आहे हे शहराच्या ग्रंथपालाला ठाऊक असावे. आपल्याकडे लग्नाच्या घरी मोठी पातेली शेजाऱ्यांकडून येतात, तशातला हा प्रकार. फक्त पातेले कोणाकडे आहे ते सांगणारी आजी हवी. कॉव्हेंट्रीत ते काम ग्रंथपाल करी.

आणि शहरात कोणाकडेच नसले तर? त्यासाठी यॉर्कशायरमधले बॉस्टन स्पा. या ठिकाणाचे नाव आम्ही पूर्वी ऐकलेही नव्हते, आणि आता शाळेच्या भूगोलात ते असावे असे वाटू लागले आहे. युद्धकाळात तेथे तोफगोळ्यांत आणि बाँबमध्ये दारू भरण्याचा सरकारी कारखाना होता. त्याच जागेवर १९६२ मध्ये विज्ञान आणि तंत्रविद्येचे राष्ट्रीय उधारी ग्रंथालय सुरू झाले. त्याचे प्रमुख डोनाल्ड अर्क्वर्ट हे स्वतः धातुशास्त्र शिकलेले गृहस्थ. त्यांचा विचार सरळ होता. वाचकाने येथे यायचेच नाही, मागणी टपालाने यायची आणि कागद टपालाने जायचा. मासिके नावाच्या अक्षरक्रमाने कपाटात लावलेली. फॉर्मवरचे नाव वाचून नोकराने थेट त्या कपाटाशी जावे, मध्ये सूची शोधण्याचा वेळसुद्धा नको. मागणारे वाचनालय आगाऊ पैसे भरून फॉर्मचे पुडके विकत घेई, त्यामुळे दर वेळी हिशोबाचा पत्रव्यवहार नको. अर्क्वर्टनी आधी जुन्या उधारीच्या नोंदी तपासल्या होत्या आणि त्यांना दिसले होते की हजारो मासिकांपैकी थोड्यांवरच बहुतेक मागण्या पडतात. तेव्हा ती हाताशी ठेवायची, पण उरलेलीही टाकायची नाहीत, कारण एखाद्याचे अडते ते नेमके त्या उरलेल्यावर. १९७३ मध्ये हे ग्रंथालय नव्या ब्रिटिश लायब्ररीत सामील झाले. तेथून परदेशीही फोटोकॉपी जात असत.

आता कोणी म्हणेल, सहा पानांच्या फोटोकॉपीने देशाची संपत्ती वाढते हे जरा जास्तच झाले. आम्हीही काकांना हेच विचारले. काका म्हणाले, "देशाचं मला ठाऊक नाही. आमची नऊ घरं त्या वर्षी चालली."

या उत्तरात एक खोच आहे. वाचनालयाने त्या लेखासाठी जो खर्च केला तो वाचनालयाच्या वहीत लिहिला गेला. गिऱ्हाईक टिकले, त्याचा फायदा कारखान्याच्या वहीत लिहिला गेला. दोन्ही वह्या एकत्र कोणी पाहत नाही. म्हणून नगरपालिकेच्या सभेत जेव्हा खर्च कापायची वेळ येते तेव्हा वाचनालयाकडे बोट दाखवणे सोपे असते. तेथे खर्च दिसतो, कमाई दिसत नाही. लहान धंद्याला मिळालेली माहिती ही अशी असते. बहुतेक वेळा तिचा फायदा म्हणजे न झालेले नुकसान, आणि न झालेल्या नुकसानीची पावती कोणी फाडत नाही.

वाचनालयाने कॉव्हेंट्री तारले, असे मात्र आम्हांला म्हणायचे नाही. आल्फ्रेड हर्बर्ट ही यंत्रहत्यारांची कंपनी एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी होती, ती १९८३ मध्ये बुडाली. ट्रॅक्टरचा मोठा कारखाना २००२ मध्ये बंद झाला, रायटनचा मोटार कारखाना २००६ मध्ये. कितीही लेख मागवले असते तरी हे टळले नसते. पण मोठी झाडे पडली तेव्हा खाली जी लहान रोपे उरली, एखादा लेथ विकत घेऊन स्वतःचे दुकान मांडणारे, घरी अन्न करून विकणारे, त्यांना विचारायला जागा होती, हे काही कमी नव्हे. जाता जाता एक गंमत. १९८६ मध्ये शहराचे मध्यवर्ती वाचनालय ज्या इमारतीत नेले, ते पूर्वीचे 'लोकार्नो' नाचघर! मावशी आणि काका तरुणपणी तेथे नाचायला गेले होते की नाही, हे विचारल्यावर मावशी चहा करायला उठून गेली.

त्या देशातही आज सगळे ठीक आहे असे समजू नये. १९६४ च्या कायद्याने तेथे वाचनालय चालवणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले आहे, तरी २०१० नंतरच्या कपातीत शेकडो शाखा बंद झाल्या किंवा स्वयंसेवकांच्या हाती गेल्या. कॉव्हेंट्रीच्या अर्ल्सडन भागात अँड्र्यू कार्नेगीच्या देणगीतून १९१३ मध्ये बांधलेले सुंदर वाचनालय आहे. तेही स्वयंसेवक चालवू लागले. लेखांच्या नकलांवरही बंधने आली. २००३ पासून तेथे धंद्यासाठी लेखाची प्रत हवी असेल तर मूळ प्रकाशकाची फी वेगळी भरावी लागते. विद्यार्थ्याला जी प्रत स्वस्तात मिळते, ती लहान कारखानदाराला महाग पडते. लेखकाला आणि प्रकाशकाला त्याचा वाटा मिळू नये असे आम्ही म्हणणार नाही. पण नऊ माणसांचा कारखाना आणि नऊ हजार माणसांची कंपनी यांना एकच दर लावणे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये चोरट्यांनी ब्रिटिश लायब्ररीची संगणकयंत्रणाच बंद पाडली, तेव्हा बॉस्टन स्पाहून होणारा पुरवठाही थांबला. साऱ्या देशाने एकाच दुकानातून सामान आणायचे ठरवले की दुकानाला टाळे लागल्यावर सगळ्यांचीच चूल थंड पडते. आपल्यासारख्या बेटाला हे निराळे सांगायला नको. वादळात जहाज आले नाही तर तांदळाचे काय होते, हे आपल्या आज्यांना चांगले ठाऊक होते.

हे इंग्लंडचे झाले. आपल्या मूळच्या मातीत पाहू. कॉव्हेंट्रीत नवी सायकल निघाल्यावर थोड्याच वर्षांत बेळगावात किर्लोस्कर बंधू सायकली विकू लागले. १८८८ हे त्यांच्या व्यवसायाचे आरंभवर्ष मानले जाते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. त्यांना शिकवायला तेथे कारखाना नव्हता की कॅडिग नव्हता. परदेशी यंत्रांची मासिके आणि सूचिपत्रे मागवून, ती वाचून, चित्रे पाहून ते शिकले. त्यातून पुढे लोखंडी नांगर झाला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुरुवातीला शेतकरी नांगर घेईनात, लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. १९२० मध्ये त्यांच्या घराण्याने 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक काढले, म्हणजे ज्यांनी कागद मागवून धंदा उभारला तेच पुढे कागद वाटू लागले. आम्हांला यात मोठी संगती दिसते. पण लक्ष्मणरावांसारखा स्वतः शोधून, स्वतः मागवून, स्वतः समजून घेणारा माणूस शंभरात एक. उरलेल्या नव्याण्णवांनी काय करायचे?

त्या नव्याण्णवांपैकी एक भगिनी आमच्या गावात आहे. तिचा 'आशार' फार नावाजलेला. कोबी, गाजर, फरसबी, मोहरी, हळद, लसूण, शिरका आणि तेल, आपल्या सर्वांच्या घरचाच पदार्थ. शनिवारच्या बाजारात तिच्या बरण्या दहा वाजेपर्यंत संपतात. एका हॉटेलच्या खरेदी करणाऱ्या माणसाने तिला विचारले, किती दिवस टिकतो ते लिहून द्या, आंबटपणा किती ते लिहून द्या, म्हणजे दर आठवड्याला घेतो. तिला हे कोणी कधी विचारले नव्हते. मुलाने फोनवर शोध घेतला. दहा पाककृती मिळाल्या, त्यातल्या चार एकमेकींच्या उलट. एक लेख अगदी तिच्या पदार्थाजवळचा होता, पण चार ओळींच्या खाली पाटी: पुढे वाचायचे तर तीस-चाळीस डॉलर भरा. तेथे शोध संपला. त्याच महिन्यात वीस-बावीस बरण्यांची झाकणे फुगली. तिने त्या मागच्या अंगणात ओतून टाकल्या आणि हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवले.

फुगलेल्या बरण्या तिने टाकल्या हे फार बरे केले. तेलात बुडवलेल्या, पुरेशा आंबट नसलेल्या भाजीत एक भयंकर विष तयार होऊ शकते, आणि ते चवीला किंवा वासाला कळेलच असे नाही. आंबटपणा मोजण्याचे जे माप आहे, ज्याला पीएच म्हणतात, ते ४.६ च्या खाली असावे लागते. आकडा जितका लहान तितके आंबट. हा साधा नियम अन्नाचा कारखाना चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. लोणच्याच्या भाज्या आणि फळे यांसाठी 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय संस्थेचे २००७ चे प्रमाणपत्रकही आहे आणि ते कोणालाही फुकट मिळते. म्हणजे एक कागद फुकट होता, पण तो आहे हे सांगणारे कोणी नव्हते. दुसरा कागद आहे हे कळले, पण तो विकत घेण्याची ऐपत नव्हती. दोन्ही ठिकाणी एकच माणूस कमी पडला. चिठ्ठी वाचून उलट प्रश्न विचारणारा!

म्हणून 'आता इंटरनेट आहे, वाचनालय कशाला' असे जे म्हणतात त्यांचे आम्हांला पटत नाही. इंटरनेटने कागद जवळ आणला हे खरे. पेटंटचेच पाहा. पूर्वी ते पाहायला मोठ्या शहरात जावे लागे, आज जगातली कोट्यवधी पेटंटपत्रे घरबसल्या फुकट वाचता येतात. आणि ज्या देशात पेटंट घेतलेले नाही किंवा त्याची मुदत संपली आहे, तेथे ती युक्ती वापरायला मोकळीक असते, हेही आपल्या किती कारागिरांना ठाऊक आहे? माहिती समोर आहे, तरी तिच्यापर्यंत नेणारी पायवाट नाही. इंटरनेट प्रश्नाला उत्तर देते, पण आपला प्रश्नच चुकला असेल तर ते सांगत नाही. ग्रंथपाल बाईंनी काकांना विचारले होते, तडा कोठून सुरू होतो?

आपल्याकडे काहीच नाही असेही नाही. १९९६ च्या कायद्याने झालेले राष्ट्रीय ग्रंथालय आहे. क्यूरपिपला कार्नेगीच्याच पैशाने झालेले वाचनालय आहे. अर्ल्सडनची इमारत पाहताना आम्हांला त्याचीच आठवण झाली. रेद्वीला विद्यापीठ आहे, तेथेच १९५३ पासून ऊस संशोधनाचे काम चालू आहे, आणि मोकाला महात्मा गांधी संस्था. म्हणजे पातेली आहेत, फक्त एकमेकांच्या घरी जात नाहीत. आमची सूचना अगदी लहान आहे. यातल्या संस्थांनी आपसात ठरवावे की गावच्या वाचनालयातून आलेली धंद्याची मागणी नाकारायची नाही. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक ग्रंथपाल या कामासाठी तयार करावा, ज्याला क्रिऑल, भोजपुरी किंवा मराठीत विचारलेला प्रश्न समजेल आणि तो इंग्रजी-फ्रेंच सूचीत शोधता येईल. जो लेख विकतच घ्यावा लागतो त्यासाठी लहान उद्योगांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेने एक छोटा निधी ठेवावा, आणि मागणाऱ्याने त्यातला थोडा भाग भरावा. अगदी फुकट नको. फुकट मिळालेला कागद कोणी वाचत नाही, हा आमचा शिक्षकी अनुभव आहे. एखाद्या लहान बँकेच्या कर्जाइतका पैसाही याला लागणार नाही. आज आपण तरुणांना कर्ज देतो, दुकान मांडायला सांगतो, आणि पहिली बरणी फुगली की एकटे सोडतो.

दोष केवळ सरकारचा नाही. आम्ही शिक्षकही त्यात आहोत. शिक्षक प्रशिक्षणात आम्हांला मुलांना प्रश्न कसे विचारावेत ते शिकवले. मुलांनी प्रश्न कसा मांडावा, तो घेऊन कोणाकडे जावे, हे शिकवायचे राहून गेले. वाचनालयाची भेट म्हणजे रांगेत जाऊन गोष्टीची पुस्तके पाहून येणे, असेच आम्ही वर्षानुवर्षे करत आलो. आणि आपल्या मंडळांत गुढीपाडवा होतो, गणपती होतो, भाषणे होतात, पण कोणाचा धंदा कोठे अडला आहे हे विचारायला बैठक होत नाही.

म्हणून गेल्या शनिवारी आम्ही मंडळाच्या सभेत कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. तुमच्या कामात काय अडते ते लिहा, नाव घालू नका, एवढेच सांगितले. सतरा चिठ्ठ्या आल्या. केळ्याचे काप दमट हवेत मऊ का पडतात? शिवणयंत्राचा जुना भाग बदलायचा तर त्याचा नकाशा कोठे मिळेल? व्हॅनिलाच्या शेंगांना बुरशी येऊ नये म्हणून काय करतात? एका सुताराने विचारले आहे की पेरूच्या लाकडाला वाळताना भेगा पडतात त्याला काही उपाय आहे का, आणि खाली भेगा कशा पडतात त्याचे चित्रही काढले आहे. काकांना ते पाहून आनंद होईल. आशारवाल्या भगिनीने तीन चिठ्ठ्या घेतल्या.

या सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्या वाचनालयाच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहोत. काय होते ते याच पानावर कळवू. सोळा चिठ्ठ्या तयार आहेत. सतराव्या चिठ्ठीवर नुसते 'मधमाश्या' एवढेच लिहिले आहे, तेव्हा अक्षर कोणाचे ते ओळखून त्या गृहस्थाला आधी भेटून यावे लागेल.